कुलदैवताचा रकाना

गिरीज, वसई
९ जून २०२५

प्रिय लतिका,

पाकीट बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. माझे कान गेलेत, एवढंच. मशीन लावलं की फोनमध्ये शिट्टी वाजते, आणि काढलं तर तू काय म्हणालीस ते कॉन्रॅडला विचारावं लागतं. नवरा कसला, दुभाषाच झालाय माझा. तुझं अर्धं सांगतो आणि अर्धं स्वतःचं घालतो. म्हणून पत्र. गिरीजहून तुझ्या वसई पूर्वेला रिक्षा पाऊण तासात पोचते, पोस्टाला पाच दिवस लागतात. पण काही गोष्टी पाच दिवसांनी पोचलेल्याच बऱ्या.

स्वप्ना वरठा आठवते? आठवणारच. सिस्टरांच्या बोर्डिंगमधली, पारोळच्या पलीकडच्या पाड्यावरची. संविधानाची उद्देशिका म्हणायला तू दर वेळी तिलाच उभी करायचीस आणि "बघा, एक श्वास चुकत नाही," म्हणून आम्हाला ऐकवायचीस. नागरिकशास्त्रात तिला तू पैकीच्या पैकी दिले होतेस. ती आता वालीवला एका संस्थेच्या ऑफिसात बसते. कारखान्यांमधले, वीटभट्टीवरचे, पाड्यांवरचे आपले आदिवासी लोक तिच्याकडे येतात. कोणाला जातीचा दाखला हवा असतो, कोणाचं रेशनकार्ड अडलेलं असतं. दहा वर्षं हेच करते आहे पोरगी.

आता महापालिकेची निवडणूक लागणार. इतकी वर्षं रखडलेली, पण या वर्षी होईलसं दिसतंय. लोक स्वप्नाला म्हणाले, तूच उभी राहा. तीही तयार झाली. पण उभं राहायचं तर मतदार यादीत नाव वसई-विरारच्या हद्दीतलं हवं, आणि हिचं नाव गावच्या यादीत, हद्दीबाहेर. म्हणून इथे घर भाड्याने घ्यायचं, कराराच्या कागदावर यादीत नाव चढवायचं, असा बेत होता. घर मिळालं. घरमालक कुवेतला असतो, भला माणूस, हो म्हणाला. आणि सोसायटीने ना-हरकत नाकारली.

त्यांच्या पत्राची आणि फॉर्मची झेरॉक्स सोबत जोडली आहे. पत्रातलं हे वाक्य बघ: "कोणाच्याही भावना दुखावण्याचा हेतू नसून, संकुलाचे सांस्कृतिक ऐक्य जपण्याच्या दृष्टीने सदर अर्जास ना-हरकत देणे तूर्त शक्य होत नाही." कुठे जात नाही, धर्म नाही. सुरीला लोणी लावून फिरवलीय. आणि फॉर्मचा नववा रकाना बघ. "मूळ गाव व कुलदैवत." स्वप्नाने आपल्या गोल अक्षरात लिहिलंय, "हिरवा देव, वाघोबा."

माझ्यासारखीने त्या रकान्यात काय लिहायचं गं?

तिला सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे तक्रार करायची आहे. तुझ्यासारखं मराठी आपल्या शाळेत कोणाचं नव्हतं. तेव्हा तक्रार तू लिहून दे. पण आधी फॉर्म नीट बघ.

तुझी
मार्गारेट


वसई पूर्व
१७ जून २०२५

प्रिय मार्गारेट,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र वाचून संताप संताप झाला. कुठे नेऊन ठेवलाय समाज आपण! आपण दोघींनी तीस-तीस वर्षं घसा फोडून शिकवलं, फळ्यावर 'समता' हा शब्द किती वेळा लिहिला याची गणती नाही, आणि शेवटी आपल्याच विद्यार्थिनीवर ही वेळ यावी? मला तर दोन घाससुद्धा गेले नाहीत. ह्यांनी विचारलं काय झालं, मी म्हटलं, काही नाही, पित्त.

फॉर्म पाहिला. असे फॉर्म आता सगळीकडेच असतात गं. कोणीतरी एकाने केलेला असतो आणि मग तो या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतो. मूळ कोणाचं ते शोधण्यात काही हशील नाही. मुख्य मुद्दा अन्यायाचा आहे, तो धरून मी मसुदा केला आहे. सोबत जोडते. भाषा थोडी भारदस्त ठेवली आहे, सरकारी माणसाला तशीच लागते.

पण एक विचारू? रागावू नकोस. स्वप्नाने तिथे महालक्ष्मी लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं? डहाणूची महालक्ष्मी त्यांचीही देवीच आहे, खोटंही झालं नसतं. वाघोबा लिहायची काय गरज होती? मुलगी हुशार आहे पण व्यवहार नाही. आणि तक्रारीच्या मागे लागण्यापेक्षा दुसरं घर शोधलं तर? तारखेचं महत्त्व आहे. कोर्टकचेऱ्यांत वर्षं जातात. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असं उगाच नाही म्हटलेलं.

कानांची काळजी घे. कॉन्रॅडभावोजींना नमस्कार.

तुझी
लतिका


गिरीज
२५ जून २०२५

प्रिय लतिका,

मसुदा मिळाला. सुंदर आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनात वाचावा असा. पण त्यात नवव्या रकान्याचा उल्लेखच नाही! दोन पानं अन्याय, समता, बंधुता, आणि ज्या रकान्याने पोरीला बाहेर काढलं तो मात्र गायब. विसरलीस का? तू तर अनुस्वार विसरत नाहीस.

व्यवहाराचं म्हणशील तर स्वप्नाची आई परवा इथे आली होती, करवंदं घेऊन. ओट्यावर बसली आणि म्हणाली, "आमचा देव हाय तोच लिवला पोरीनं. दुसऱ्याचा देव लिवला असता तर चोरी नसती का झाली?" पानी दिलं, ती प्यायली आणि गेली. बघ, तिच्याशी बोलून मीही पानीच लिहायला लागले.

दुसरं घर शोध म्हणतेस. सहा झाली. एका ठिकाणी डिपॉझिट घेऊन परत केलं. दुसऱ्या ठिकाणी "ताई, तुम्ही चांगल्या आहात हो, पण तुमच्याकडे लोक फार येतील," म्हणाले. सहापैकी चार ठिकाणी हाच फॉर्म होता.

आता माझं सांगते, कारण दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दाखवणाऱ्या बाईने आधी आपलं मुसळ दाखवावं. आमच्या वाडीत मागच्या बाजूला खोली आहे, तुला माहीत आहे, केळीच्या पलीकडे. रिकामी आहे. महापालिकेच्या हद्दीत आहे. मी कॉन्रॅडला म्हटलं, देऊ या का? तो भावाकडे बघायला लागला. मग त्याचा भाऊ आग्नेल म्हणाला, "वहिनी, आदिवासीचं नाव एकदा घराला लागलं की जमीन गेली समजा." कुठला कायदा, काय कायदा, त्याला काही माहीत नाही. मला माहीत आहे की असं काही होत नाही. तरी मी गप्प बसले. रविवारी चर्चमध्ये मिस्साला गेले आणि शेजारणीकडे न बघता परत आले. लाज वाटते लतिका. तुला सांगते, दुसऱ्या कोणाला नाही.

तुझी ज्ञानदा लग्न करून पुण्याला गेली. तिची खोली आहे ना तुझ्याकडे? एक महिन्यापुरती तरी?

मार्गारेट


वसई पूर्व
४ जुलै २०२५

प्रिय मार्गारेट,

घाईत लिहिते आहे. ज्ञानदाची खोली आता रिकामी नाही. हर्षवर्धन आठवड्यातून तीन दिवस घरून काम करतो, लेकाचं सगळं सामान तिथे. शिवाय तो आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी. त्याच्याच घरी बाहेरचं माणूस ठेवलं तर लोक तोंडावर बोलतील. आमच्याकडे फॉर्मवर तसं कोणी फार काटेकोर बघत नाही, पण तरी.

तक्रारीत रकान्याचं घालायचं तर घाला. मला वाटलं होतं त्याने मुद्दा भरकटेल. रकाना काय, माहितीसाठीही असू शकतो. सत्यनारायणाला, हळदीकुंकवाला कोणाला बोलवायचं ते कळावं म्हणून.

तू स्वतःला एवढं लावून घेऊ नकोस. जमीन वडिलोपार्जित असली की दहा डोकी असतात. आपल्या हातात काय असतं?

पावसाने भिंतीला ओल आली आहे, रंगाऱ्याला बोलावलंय. सवडीने लिहीन.

लतिका


गिरीज
१६ नोव्हेंबर २०२५

प्रिय लतिका,

तुझी सवड चार महिने झाली नाही. गणपतीला दर वर्षी मोदकांना बोलावतेस, या वर्षी तेही नाही. मीही लिहिलं नाही. रागाने नाही, वाट बघत होते.

तुला बातमी कळलीच असेल, तरी सांगते. निवडणुकीसाठी मतदार यादी एक जुलैपर्यंतचीच धरली. स्वप्नाचं नाव तिच्या गावीच राहिलं. आणि या आठवड्यात आरक्षणाची सोडत निघाली. ती ज्या भागात काम करते, जिथे घर बघत होती, त्या प्रभागातली एक जागा निघाली अनुसूचित जमातीच्या बाईसाठी. चिठ्ठी निघाली तेव्हा स्वप्ना त्या हॉलमध्येच होती. आजूबाजूचे लोक टाळ्या वाजवून तिच्याकडे बघायला लागले, त्यांना यादीचं काय माहीत. "ताई, तुमची जागा आली!" ती म्हणते, बाई, मी पण टाळ्या वाजवल्या. काय करणार होते?

आता त्या जागेसाठी पक्षवाले बाई शोधत फिरताहेत. कोणाला कार्यक्रमाच्या फोटोपुरती हवी आहे, कोणाला सहीपुरती. ज्या बाईला दहा वर्षं लोक दाराशी येऊन शोधतात, ती यादीत नाही.

तक्रारीचं म्हणशील तर सोसायटीने उत्तर दिलंय. तुझ्याच शब्दांत म्हणावं तर, रकाना "माहितीसाठी" आहे. सण-समारंभांच्या नियोजनासाठी. उपनिबंधक साहेबांनी स्वप्नाला विचारलं, त्यांचा हेतू तसा होता याला पुरावा काय? तिच्याकडे पुरावा नाही.

मी आता आग्नेलशी भांडले. खूप उशिरा भांडले. खोली उघडून झाडून घेतली आणि स्वप्नाला निरोप पाठवला. घोडं गंगेत न्हालं म्हणायचं, पण यात्रा संपल्यावर.

मार्गारेट


वसई पूर्व
२३ नोव्हेंबर २०२५

मार्गारेट,

हे पत्र मी चौथ्यांदा लिहिते आहे. पहिली तीन चांगली उतरली होती म्हणून फाडली.

तो फॉर्म मी केला.

२०१९ साली. आमच्या तिसऱ्या मजल्यावर एक पाटील भाड्याने येणार होते. बँकेत नोकरीला, बायको शिक्षिका, दोन मुलं. समितीची बैठक आमच्याच घरी होती, मी पोह्यांच्या ताटल्या फिरवत होते. सगळ्यांचा एकच घोळ, पाटील म्हणजे नेमके कोण? आपल्याकडे ठाकूर, पाटील, म्हात्रे या एकेका आडनावाखाली चार जाती सापडतात. उघड विचारायला कोणी धजेना, कायद्याची भीती. चेअरमन म्हणाले, "तेंडोलकर मॅडम, तुम्ही भाषेतलं माणूस. काहीतरी युक्ती सांगा." आणि मी हातातली ताटली ठेवली आणि म्हटलं, "त्यात काय, कुलदैवत विचारा. माणूस आपल्या तोंडाने सगळं सांगतो."

सगळे हसले. कोणीतरी "व्वा!" म्हणालं. मला त्या "व्वा"चं किती बरं वाटलं म्हणून सांगू! निवृत्त होऊन वर्ष झालं होतं, कोणी काही विचारत नव्हतं. त्याच रात्री बसून फॉर्म केला. नकाराच्या पत्राचा नमुनाही केला. एकाही जातीचं नाव न घेता. ते वाक्य, "कोणाच्याही भावना दुखावण्याचा हेतू नसून", ते माझं आहे. तीनदा बदललं होतं मी ते. आधी "उद्देश" होतं, मग "हेतू" केलं.

पाटलांना नाही म्हटलं गेलं. त्यांनी रकान्यात काहीच लिहिलं नव्हतं, एक रेघ मारली होती. त्यांच्या बायकोने जाताना मला विचारलं, "तुम्ही शिक्षिका ना?" मी हो म्हटलं. तेवढंच. मी पुढे ते विसरूनसुद्धा गेले.

हर्षवर्धनने तो फॉर्म पुढे आजूबाजूच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर टाकला. आईचं काम म्हणून कौतुकाने टाकला. जूनमध्ये तुझी झेरॉक्स उघडली आणि माझंच वाक्य माझ्याकडे बघत होतं. खाली स्वप्नाचं अक्षर. मी ओळखलं, मार्गारेट, 'घ' अजून तसाच काढते, मी शिकवलेला. आणि त्यानंतर तुला लिहिलं की संताप संताप झाला. पित्त म्हटलं ह्यांना. तक्रारीतून रकाना काढला तो विसरून नाही. "मूळ कोणाचं ते शोधण्यात हशील नाही" असं मी एका झटक्यात लिहून टाकलं, याचीच आता जास्त लाज वाटते. खोली रिकामी होती. रंगारी आलाच नव्हता.

नागरिकशास्त्र शिकवलं मी. तीस वर्षं. मेल्याहून मेल्यासारखं झालंय. स्वप्नाला काय सांगायचं ते तूच ठरव. तू सांगशील तर तिला कमी लागेल.

लतिका


गिरीज
१ डिसेंबर २०२५

प्रिय लतिका,

मला माहीत होतं. जूनपासून.

१९९२ सालचा जूनचा पहिला सोमवार आठवतो? मी शाळेत नवीन. हजेरीपटावर नुसतं "एम. सी. डाबरे". स्टाफरूममध्ये तू माझ्या डब्यातल्या केळफुलाच्या भाजीचं कौतुक केलंस आणि मग गोड आवाजात विचारलंस, "डाबरे म्हणजे तुमचं कुलदैवत कोणतं हो?" मी पदराखालून क्रूस काढून दाखवला. तू एवढी ओशाळलीस आणि मग आपण दोघी एवढ्या हसलो की शिपाई बघायला आला. नंतर तू मला सांगितलंस, "आडनावावरून कळलं नाही की मी असंच विचारते. कधी फसत नाही." तेहतीस वर्षं मी तो किस्सा लोकांना गंमत म्हणून सांगत आले. फॉर्मचा नववा रकाना पाहिला आणि ती गंमत उरली नाही. तेव्हा मी हसले नसते तर? कुणास ठाऊक.

म्हणून तुला लिहिलं, फॉर्म नीट बघ. तुला पकडायला नाही गं. तू स्वतःहून बोलावंस म्हणून. जूनमध्ये बोलली असतीस तर तुझी खोली होती, माझी खोली होती, आणि यादी उघडी होती. आपण दोघी एकमेकींना पत्रं लिहीत बसलो.

स्वप्नाला मी सांगणार नाही. पापनिवेदन पाद्रीकडे करतात, मी पाद्री नाही. आणि तुझं पाप माझ्याविरुद्ध नाहीच. "तिला कमी लागेल" म्हणतेस, ते तुला कमी लागावं म्हणून. तिच्या ऑफिसचा पत्ता खाली दिला आहे. तू लिही. आणि चांगलं लिहू नकोस, खरं लिही.

नाताळाला ये. दर वर्षीसारखी ये. मी तुझ्याशी बोलणं बंद करणार नाही. पण एवढ्यात हसणं जमेलसं वाटत नाही.

मार्गारेट


वालीव
१९ डिसेंबर २०२५

आदरणीय लतिका बाई,

तुमचं पत्र मिळालं. ऑफिसात गर्दी होती, टेबलाखाली धरून वाचलं. मग घरी जाऊन परत वाचलं. आईला वाचून दाखवलं नाही. ती तुम्हाला अजून "मोठी बाई" म्हणते.

तुम्ही विचारलंय की मी वाघोबा का लिहिलं, दुसरं काही का नाही. सांगते. नववीत स्कॉलरशिपचे फॉर्म भरताना मी वडिलांच्या धंद्याचा रकाना रिकामा सोडला होता. मला लाज वाटत होती, ते वीटभट्टीवर होते. तुम्ही सगळ्या वर्गासमोर फॉर्म परत दिला आणि म्हणालात, "रकाना रिकामा ठेवायचा नाही आणि खोटं लिहायचं नाही. ज्याला स्वतःची लाज नाही त्याचा फॉर्म कोणी अडवू शकत नाही." तेव्हापासून मी एकही रकाना रिकामा ठेवलेला नाही. माझ्याकडे येणाऱ्या लोकांना पण हेच सांगते. त्या दिवशी पण तुमचीच आठवण झाली होती, खरंच. म्हणून खरं लिहिलं.

बाई, तुम्ही माफी मागितली आहे. मला ती द्यायला येत नाही. राग आहे का, तर आहे. तुमच्यावरच नाही. त्या हॉलमध्ये मी वाजवलेल्या टाळ्यांचा पण राग येतो. मार्गारेट बाईंनी खोली देऊ केली, आता तुम्ही पण ज्ञानदाताईची खोली देते म्हणता. यादी बंद झाली आणि दोघींच्याही खोल्या रिकाम्या झाल्या. मी सध्या चिंचोटीला एका मैत्रिणीकडे राहते. माझं चाललंय. खोली नको.

पण एक काम आहे. तक्रारीची पुढची तारीख सात जानेवारीला आहे. साहेब म्हणतात, रकाना कशासाठी ठेवला याचा पुरावा द्या. तुमच्या पत्रात ते सगळं आहे. मी त्याची झेरॉक्स काढून फाईलला लावली आहे. तुमची परवानगी आधी घ्यायला हवी होती, म्हणून आता विचारते. पत्रावर तुमची सही आहे, पण तुम्ही तारीख घातली नाही आणि पूर्ण नाव, पत्ता लिहिला नाही. तेवढं लिहून नव्याने पाठवाल का? त्यात हर्षवर्धनदादांचं नाव येतं, हे मला माहीत आहे. तुमच्या बिल्डिंगमध्ये तुम्हाला त्रास होईल, ते पण माहीत आहे. नाही म्हणालात तर मी समजून घेईन. पण मग झेरॉक्स फाईलमधून काढावी लागेल.

मी तर या वेळी उभी राहू शकले नाही. पण तो फॉर्म अजून चार बिल्डिंगमध्ये आहे, आणि घर शोधणारे लोक रोज माझ्याकडे येतात.

तुमची विद्यार्थिनी,
स्वप्ना वरठा


वसई पूर्व
२६ डिसेंबर २०२५

चि. स्वप्ना,

सोबत दोन कागद आहेत.

पहिला तू मागितलेला. माझं पूर्ण नाव लतिका सदानंद तेंडोलकर, वय पासष्ट, निवृत्त शिक्षिका, पत्ता वर लिहिल्याप्रमाणे. फॉर्म कोणी केला, कधी केला, कशासाठी केला आणि तो पुढे कोणी पाठवला, हे सगळं क्रमाने लिहिलं आहे. सात तारखेला मी स्वतः येईन. मला कुठे बसायचं ते सांग, तिथे बसेन.

दुसरा कागद तू मागितला नव्हतास. तो २०१९ सालचा कच्चा खर्डा आहे, माझ्या अक्षरातला. नववा रकाना आहे तिथे समासात मीच पेन्सिलीने लिहिलंय, "आडनावावरून कळले नाही तर यावरून कळेल." तुमच्या साहेबांना हवा असलेला पुरावा तोच. हा कागद सहा वर्षं माझ्या कपाटात होता. ज्ञानदाच्या बक्षिसांची प्रमाणपत्रं आणि मला मिळालेल्या आदर्श शिक्षिकेच्या मानपत्रासोबत, त्याच फाईलमध्ये. चुकून राहिला नव्हता. मी जपून ठेवला होता, कारण मला त्याचा अभिमान वाटत होता. हे तुला सांगायचं राहिलं होतं, मार्गारेटलाही सांगितलेलं नाही.

काल तिच्याकडे नाताळाला जाऊन आले. तिने जेवायला वाढलं.

आज सकाळी हर्षवर्धनला दोन्ही कागद वाचायला दिले. तो खूप चिडला. मग म्हणाला, "आई, माझं नाव राहू दे. पण ती समासातली ओळ तरी खोड. लोक तुला काय म्हणतील?" खोडरबर त्यानेच आणून ठेवलं. मी ओळ खोडलेली नाही. तो जेवायला आला नाही, दार लावून बसला आहे, ज्ञानदाच्या त्याच खोलीत.

माफी पुन्हा मागत नाही. तुला द्यायला येत नाही म्हणालीस, ते मला समजलं.

कागद तपासून घे. तारीख घातली आहे. एकही रकाना रिकामा ठेवलेला नाही.

लतिका तेंडोलकर